अक्कानं बसवलेली कानबाई

आखणी करणाऱ्या माणसांचा मला संताप येतो, आणि त्या माणसांत पहिला नंबर माझाच लागतो. ऐंशीच्या दशकात, शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात मी नवा नवा मास्तर झालो तेव्हा प्रदर्शनं, संग्रहालयं, व्याख्यानं, कलामहोत्सव बघायला जायचे बेत आखण्याचं मला वेडच होतं. धुळ्याला जुन्या नाण्यांचं प्रदर्शन आहे, जळगावला लोककलांचा कार्यक्रम आहे, असं वर्तमानपत्रात कोपऱ्यात बारीक अक्षरात छापून आलं की मी ते कापायचो, वहीत चिकटवायचो आणि खाली एसटीच्या वेळा लिहायचो. जायची गाडी, यायची गाडी, डबा कुठे खायचा, पाऊस आला तर काय. निम्म्या वेळा जाणं व्हायचंच नाही. पण वही भरत होती, आणि मला वाटायचं की गावात सुसंस्कृत असा मी एकटाच, बाकी सगळे कापूस नि कांदे. माज होता तो, दुसरं काही नाही.

अशाच एका हिवाळ्यात धुळ्याच्या एका छोट्या संग्रहालयातून मला पत्र आलं. तिथलं काम बघणारे एक सर होते, महाविद्यालयात शिकवायचे. मी त्यांना दर महिन्याला पत्र लिहून भंडावत असे, म्हणून त्यांना माझं नाव पाठ झालं होतं. खान्देशातल्या लोकजीवनावर आठवडाभराचं प्रदर्शन भरवायचं आहे, त्यात कानबाईची मांडणी हवी आहे, तुमच्या गावातली एखादी जाणती बाई घेऊन या, असं त्यांनी लिहिलं होतं. ते पत्र मी चारचौघांत तीनदा वाचून दाखवलं. जाणती बाई कोण, याचा मला एक क्षणही विचार करावा लागला नाही. आमची अक्का.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. लग्नाला चार वर्षं झाली आणि तिचा नवरा साप चावून गेला. वर्षश्राद्ध उरकलं तसं सासरच्यांनी तिला बैलगाडीत बसवून आमच्या दारात आणून सोडलं. सोबत एक पेटी होती. तेव्हापासून ती आमच्याकडेच.

कानबाई आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. चौरंगावर तांब्या, तांब्यावर नारळ, नारळाला डोळे, नथ, कुंकू, दागिने, खाली नवा खण. रात्रभर गाणी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवीला डोक्यावर घेऊन नदीवर बोळवण. अख्ख्या भाऊबंदकीत कानबाई सजवावी तर अक्कानंच. तिच्या हातानं नारळाला चेहरा यायचा. गाणी तर तिला इतकी पाठ की बायका तिच्या तोंडाकडे बघून पुढची ओळ उचलायच्या. पण सजवून झालं की ती उठून मागच्या भिंतीला टेकायची आणि मोठ्या भावाची बायको, आमची वहिनी, पुढे येऊन नारळ तांब्यावर ठेवायची. स्थापना सवाष्णीनं करायची. विधवेचा हात नटवायला चालतो, बसवायला चालत नाही. हा नियम कुणी केला कुणास ठाऊक, पण केला त्यानं फुकटात काम करून घ्यायची सोय तेवढी बरोबर बघितली होती. पंधरा वर्षं मी हे डोळ्यांनी बघत होतो आणि एकदाही मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पत्राची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा ती कपाशीच्या बोंडातून कापूस काढत बसली होती. तिचे हात थांबले.

"मी? मी बसाडू कानबाई?"

"तूच. सरांनी लिहिलंय."

तिनं हातातलं बोंड टोपलीत टाकलं. मग म्हणाली, "आबाले इचारी ले." वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. श्रावण नाही, रविवार नाही, आणि त्यात ही. मग त्यांनीच तोड काढली. "नुसती दखाडानी शे ना? मंग जाऊ दे. खरी ऱ्हाती तर गोट येगळी व्हती." मी जोरजोरात मान हलवली. नुसती दाखवायचीच आहे आबा, प्रदर्शनच ते. अक्का दाराआडून ऐकत होती, हे मला माहीत होतं.

झालं, मी आखायला बसलो. सोमवारी संग्रहालय बंद, मंगळवारी आमच्या गावचा बाजार, म्हणून बुधवार. पावणेसातची गाडी. नऊपर्यंत धुळे. दहापर्यंत मांडणी. अकराला जळगावहून येणाऱ्या पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन. दीडला भाकरी. दोन ते चार बाकीची दालनं. पाचला संग्रहालय बंद, पावणेसहाची शेवटची गाडी. सामानाची यादी वेगळी केली. चौरंग, तांब्या, नारळ, नथ, खण, नैवेद्याचं ताट. ताटापुढे मी कंसात 'दाखवण्यापुरतं' असं लिहिलं होतं. त्या आखणीत देवीच्या बोळवणीला एक मिनिटही नव्हतं. कसं असणार? देवी खोटीच होती ना माझ्या हिशोबी.

बुधवारी पहाटे अक्का न्हाऊन ओल्या केसांनी गाडीत येऊन बसली. नारळाची पिशवी तिनं खाली ठेवली नाही, दोन तास मांडीवर धरली. सोनगीरच्या पुढे मी तिला शेंगदाणे दिले तर नको म्हणाली. मला वाटलं गाडी लागत असेल. तिनं आदल्या दिवसापासून कडक उपास धरला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही माझ्या आईकडून.

संग्रहालयात शिरल्या शिरल्या व्हरांड्यात जुन्या मूर्ती ओळीनं मांडलेल्या होत्या. कुणाला हात नाही, कुणाचं नाक गेलेलं. अक्का पहिल्या मूर्तीपुढेच उभी राहिली. "भाऊ, यास्नी पूजा कोन करस?" मी म्हणालो, कुणी नाही, या बघायच्या मूर्ती आहेत. तिला ते पटलं नाही. मी सरांना शोधायला आत गेलो तेवढ्यात तिनं पिशवीतला करंडा काढून सगळ्या ओळीला हळदकुंकू लावून टाकलं. शिपाई ओरडत आला. सर आले. ओल्या फडक्यानं पुसापुशी झाली आणि मी शरमेनं लाल झालो. मला तेव्हा अक्काचा राग आला होता. आता मला त्या फडक्याचा येतो.

तिला आतल्या दालनात एक कोपरा दिला होता. एका बाजूला नांगर, दुसऱ्या बाजूला काचेत वहाणा. तिनं आधी पदर खोचून कोपरा झाडला, पाण्यानं पुसला. मग चौरंग मांडला आणि कुणाशी न बोलता तासभर त्या नारळाशी बसली. चेहरा झाला, नथ झाली. मग सवयीनं ती उठली आणि दोन पावलं मागे सरली. भिंतीला पाठ लागली तशी तिला आठवण झाली असावी की पुढे यायला इथे वहिनी नाही, कुणीच नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघत होतो. ती पुढे झाली, दोन्ही हातांनी नारळ उचलला, कपाळाला लावला आणि तांब्यावर ठेवला.

मग ती गायला लागली. हे आखणीत नव्हतं. महाविद्यालयातली चार पोरं वही-पेन घेऊन आली होती, ती लिहायची थांबली. दारावरचा म्हातारा पहारेकरी वहाणा काढून आत येऊन उभा राहिला. अक्काचा आवाज मी दर श्रावणात ऐकला होता, पण भिंतीला टेकून गाणाऱ्या बाईचा. देवीच्या समोर बसून गाणारी अक्का मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. खरं सांगतो, अंगावर काटा आला. आणि तरीही माझं लक्ष दाराकडे होतं, पाहुणे आले की काय म्हणून.

पाहुणे आलेच नाहीत. बारा वाजले, दोन वाजले. तीनला निरोप आला की साहेबांना जळगावहून निघता आलं नाही, उद्या अकराला नक्की. सर म्हणाले, "हरकत नाही, मांडणी तशीच राहू द्या." मग त्यांनी चौरंगापुढे एक टंकलिखित पाटी ठेवली. लोकदैवत: कानबाई (प्रतिकृती). अक्का चौथीपर्यंत शिकलेली. तिनं एकेक अक्षर लावून ते वाचलं आणि मला त्याचा अर्थ विचारला. मी म्हणालो, "म्हणजे दिसायला तशीच." तिनं पाटीकडे बघितलं, देवीकडे बघितलं, आणि पाटी उचलून शेजारच्या नांगरावर नेऊन ठेवली.

पाच वाजायला आले. शिपाई खिडक्या लावू लागला. मी म्हणालो, चल अक्का. ती हलेना.

"देवीले एकली टाकीसन कशी येऊ भाऊ? आते हिले बोळावानं. मंग जाऊत."

सर म्हणाले, बाई, बोळवण वगैरे नाही, प्रदर्शन आठवडाभर आहे, उद्या पाहुणे यायचेत. ती म्हणाली, मग मी इथंच बसते, दिवा तेवत ठेवायला कुणीतरी पाहिजे. सर म्हणाले, कुलूप लागतं. ती म्हणाली, लावा. मी आत बसते. तिचा आवाज चढलेला नव्हता. बाजारात भाव ठरल्यावर माणूस जसं बोलतो तसं ती बोलत होती. सरांचा चेहरा कसनुसा झाला आणि ते माझ्याकडे बघू लागले. म्हणजे तुमची बाई, तुम्ही आवरा.

पावणेसहाची गाडी. उद्या शाळा. सरांपुढे गेलेली इज्जत. सगळं एकदम डोक्यात चढलं आणि मी माझ्या थोरल्या बहिणीवर, जिनं मला कडेवर खेळवलं तिच्यावर, दहा माणसांसमोर ओरडलो.

"अक्का, खरी थोडीच शे ती! तू बसाडेल कानबाई खरी कशी व्हई?"

अक्का उठली. तिनं वात सारखी केली, समईत होतं नव्हतं ते तेल ओतलं, आणि माझ्या पुढे चालत स्टँडवर आली. गाडी पंचवीस मिनिटं उशिरा सुटली. म्हणजे घाईसुद्धा खोटीच होती.

माझ्या त्या वाक्याचा मला किती राग आहे ते लिहून सांगता येणार नाही. आबांनी म्हटलं असतं तर म्हातारा माणूस म्हणून सोडून दिलं असतं. वहिनीनं म्हटलं असतं तर नणंदभावजयीचं भांडण म्हणून सोडून दिलं असतं. पण मी तर शिकलेला. विधवांच्या प्रश्नावरचं व्याख्यान ऐकायला एसटीनं साठ किलोमीटर जाऊन पहिल्या रांगेत बसणारा. आणि वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं, तर सगळ्या भाऊबंदकीच्या पोटात होतं तेच. त्यांनी निदान ते तिच्या तोंडावर कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का घरात नव्हती. आई म्हणाली, शेतात गेली असेल. उपासाचं तिनं मला तेव्हाच सांगितलं, वर हेही की कालपासून पोरीनं पाणीसुद्धा घेतलेलं नाही. मी ऐकलं आणि पावणेसातच्या गाडीत जाऊन बसलो. कारण पाहुण्यांना कानबाईची माहिती मी द्यायची, असं सरांनी सांगितलं होतं. रजेचा अर्ज मी रात्रीच लिहून ठेवला होता. आखणीत मी कधी कमी पडलो नाही.

संग्रहालयाच्या फाटकात पहारेकरी भेटला. मला बघून त्याचं तोंड उतरलं नाही, उलट खुललं.

"बाई येऊन गेल्या सकाळी. दुधाच्या गाडीतून आल्या म्हणे. मी दार उघडून दिलं."

"आणि?"

"आणि काय? आरती केली, देवी डोक्यावर घेतली आणि निघाल्या पांझरेवर. एकटी कशी जाईल बाई? मी गेलो बरोबर. गाणं म्हणत गेल्या सगळ्या रस्त्यानं. रिक्षावाले थांबले, एका भजीवाल्यानं हात जोडले. पाण्यात सोडली व्यवस्थित." मग जरा आवाज खाली आणून तो म्हणाला, "मला रोटसुद्धा दिला हो त्यांनी."

रोट म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. कानबाईसाठी घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्याचं पीठ दळून पुरणपोळ्या करतात. तो रोट. तो फक्त त्या देवीच्या घरच्यांनी खायचा. परक्याला कणभर द्यायचा नाही, सासरी गेलेल्या मुलीलाही नाही. अक्का आमच्या घरचा रोट रांधायची, पण तिला तो चालत नव्हता, कारण ती दिलेली मुलगी. आणि जिथे दिली तिथल्यांनी तर तिला परतच पाठवलेली. पंधरा श्रावण ती त्या पोळ्या लाटत होती आणि रात्री शिळी भाकरी खात होती. नैवेद्याचं ताट म्हणून मी यादीत जे लिहिलं होतं, त्यासाठी तिनं आपल्या हातानं दळून रोट केला होता. तिच्या कानबाईचा. आणि त्यातला एक तिनं या अनोळखी म्हाताऱ्याला दिला होता.

मी आत गेलो. कोपऱ्यात चौरंग होता आणि त्यावर कानबाई होती. दुकानातून आणलेला नवा नारळ, त्यावर अक्कानं उतरवून ठेवलेली आमचीच नथ, वाकडी. शिपायानं पेननं डोळे काढले होते. पाटी नांगरावरून पुन्हा जागेवर आली होती. मी सरांना विचारलं, हे काय? ते हसले. "तुमच्या बहिणीनं घोळ घातला, आम्ही सावरला. काय फरक पडतो? नारळच तर आहे. खरी थोडीच होती."

माझी मूठ वळली होती. त्या माणसाची गचांडी धरावी असं मला आतून वाटत होतं. पण धरून बोलणार काय होतो? त्यांचं वाक्य माझंच होतं, माझ्यासमोरच उष्टं करून त्यांनी मला परत दिलं होतं. तेवढ्यात बाहेर मोटार वाजली. पाहुणे आले, हार झाले, आणि मी त्या पेनाच्या डोळ्यांच्या नारळासमोर उभा राहून खान्देशातल्या स्त्रियांच्या श्रद्धेवर दहा मिनिटं बोललो. छान बोललो. पाहुण्यांनी नारळाला हात जोडले आणि फोटो निघाला. तो पेपरात आला तेव्हा गावातल्या चौघांनी तो मला आणून दाखवला. मी तो चुलीत घातला.

संध्याकाळी घरी पोचलो. मागच्या दारी, जात्यापाशी, अक्का ताट घेऊन बसली होती. ताटात रोट होता, दूध होतं, गूळ होता. ती सावकाश खात होती. तिला इतकं निवांत खाताना मी कधी बघितलं नव्हतं. मी उंबऱ्यातच टेकलो. माफी मागावी असं मनात होतं, पण मला माफीचे शब्द येत नव्हते, भाषणाचेच येत होते. शेवटी मी हात पुढे केला आणि म्हणालो, "अक्का, एक घास दे ना माले बी."

तिनं ताट हळूच स्वतःकडे ओढलं. रागानं नाही. वहिनी दर श्रावणात तिला जितक्या साधेपणानं सांगायची, तितक्याच साधेपणानं तिनं मला सांगितलं.

"तुले चालत नही भाऊ. तू बाहेरना शे."